जोंधळ्याचे दात, आमचे हात

गेल्या वर्षी भाऊबीजेच्या दिवशी माझा पुण्याचा भाचा परभणीला आला, तेव्हा त्याच्या एका हातात मिठाईचा डबा होता आणि दुसऱ्या हातात जाळीच्या दाराची प्लास्टिकची पेटी. नोकरीनिमित्त त्याला वर्षभरासाठी परदेशी जायचे होते आणि पाळलेला फेरेट नावाचा चार महिन्यांचा प्राणी कोणाकडे ठेवावा, हा प्रश्न त्याच्यापुढे होता. "आत्या, तू शाळेत विज्ञान शिकवतेस, तुला प्राण्यांचे समजते," असे तो म्हणाला आणि पेटी आमच्या बैठकीत राहिली. पेटीतून लांबट, बुटक्या पायांचा, मऊ केसांचा प्राणी बाहेर आला. त्याचा रंग पाहून सासूबाई म्हणाल्या, "हे तर मालदांडी जोंधळ्यावानी दिसायलंय." पुण्यात त्याचे काही दुसरे नाव होते, परंतु त्या क्षणापासून तो आमचा जोंधळा झाला.

पहिल्याच संध्याकाळी त्याची पाण्याची वाटी बदलण्यासाठी मी पिंजऱ्यात वरून हात घातला. त्याने कसलाही आवाज केला नाही. माझ्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या मऊ भागात त्याचे सुळे रुतले आणि तो तसाच धरून राहिला. मी घाबरून हात हिसकला. दात रुतले तेव्हा तिथे फक्त दोन बारीक छिद्रे होती. मी ओढल्यामुळे त्यांच्या दोन चिरा झाल्या. त्या खुणा अजून आहेत. साबण लावून पंधरा मिनिटे वाहत्या नळाखाली हात धरला आणि लगेच दवाखाना गाठला. जोंधळ्याला रेबीजची लस दिल्याचा कागद भाच्याने दिलेला होता, तरीही डॉक्टरांनी कसलीही जोखीम न पत्करता मला लस सुरू केली. पहिल्या दिवसानंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशीही सुई घ्यावी लागली. हे सुरुवातीलाच सांगते, कारण चावा लहान दिसला म्हणून घरी हळद दाबून बसणारी माणसे आपल्याकडे पुष्कळ आहेत. जखम स्वच्छ धुणे आणि डॉक्टरांना दाखवणे, यात आळस करू नये.

शेजारीपाजारी त्याला मुंगूस समजत. गल्लीतली मुले खिडकीशी येऊन "मुंगसा मुंगसा तोंड दाखव, तुला रामाची शपथ" म्हणत आणि त्याने खरोखरच तोंड वर केले की आनंदाने ओरडत. समोरच्या काकूंनी काळजीने विचारले, "बाई, हे रानातलं धरून आणलंत का?" त्यांची शंका रास्त होती. मुंगसाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे आणि ते घरात पाळता येत नाही. फेरेट मात्र आपल्या रानातला नाही. दिसायला मुंगसासारखा असला तरी त्याचे कूळ वेगळे आहे. आपल्याकडचे पाणमांजर आणि चांदी अस्वल ज्या कुळात येतात, त्यात तो मोडतो. मुंगूस वंशावळीत मांजराच्या बाजूला आहे, तर फेरेट कुत्र्याच्या बाजूला. युरोपातल्या पोलकॅट नावाच्या प्राण्यापासून माणसाने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी त्याला माणसाळवले, ते सशांच्या बिळात शिरून ससे बाहेर हुसकण्यासाठी. स्ट्रॅबो या प्राचीन ग्रीक लेखकाने स्पेनमधल्या सशांच्या शिकारीचे वर्णन करताना, या कामासाठी असे प्राणी तोंडाला मुसके बांधून बिळात सोडतात, असे लिहून ठेवले आहे. आपल्याकडे मळणीत बैलाला मुसके बांधत, ते त्याने धान्य खाऊ नये म्हणून. तिथे फेरेटला बांधत, ते त्याने सशाला बिळातच धरून ठेवू नये म्हणून. माणसाजवळ राहण्याची सवय त्याच्या रक्तात इतक्या पिढ्यांपासून असली, तरी पकडण्यासाठी आणि धरून ठेवण्यासाठी घडलेला जबडा त्याच्याजवळ तसाच आहे. तो जबडा माणसाच्या हातावर किती जोराने मिटायचा, हे प्रत्येक पिल्लाला नव्याने शिकावे लागते.

ते शिक्षण खरे तर भावंडांमध्ये सुरू होते. फेरेटची पिल्ले एकमेकांना मानेवर धरून लोळवतात, ओढत नेतात, पुन्हा सुटून अंगावर येतात. त्यांच्या मानेची कातडी जाड असते, त्यामुळे आपल्या हातातून रक्त काढणारा चावा भावंडाला फारसा लागत नाही. ज्याला लागते ते किंचाळते, खेळ सोडून जाते किंवा उलटून चावते, आणि अशा शेकडो झटापटींमधून पिल्लाला आपल्या जोराचा अंदाज येतो. पिल्लू आईपासून आणि भावंडांपासून फार लवकर तोडले, तर हा अंदाज अपुरा राहतो. जोंधळा विक्रेत्याकडे किती दिवसांचा असताना आला, हे भाच्याला नीट ठाऊक नव्हते. परंतु त्याच्या हाती आला तेव्हा तो एकटाच होता आणि पुण्याच्या सदनिकेत दिवसाचे दहा-दहा तास एकटाच राहत होता. माणसाची कातडी पातळ असते, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

हे सगळे मला आज समजते. त्या वेळी आम्ही जे केले, त्याचे मला अजूनही वाईट वाटते. ज्याला विचारावे तो शिक्षाच सुचवत होता. चावला की नाकावर टिचकी मारा, तोंडावर जोरात फुंकर घाला, बोटांना मिरची चोळून ठेवा, असे सल्ले मिळाले. मिरचीचा प्रयोग मी होऊ दिला नाही, पण टिचकी आणि फुंकर आम्ही जवळजवळ तीन आठवडे चालू ठेवली. त्याचा परिणाम असा झाला, की पूर्वी खेळताना चावणारा जोंधळा आता हात जवळ येताच चावू लागला. तो कोपऱ्यात पाठ लावून उभा राही, शेपटीचे केस बाटली धुण्याच्या ब्रशासारखे फुलवी आणि बारीक फिसकारा काढी. पूर्वीचा चावा सैल होता, हा खोल जाऊ लागला. हात म्हणजे नाकावर बसणारी टिचकी, एवढेच त्याला आम्ही शिकवले होते आणि त्याने ते अचूक शिकून घेतले होते.

घरात एकाच माणसाला तो कधी चावला नाही, त्या माझ्या सासूबाई. त्या माळकरी आहेत. घरात मांस शिजत नाही, आणि जोंधळ्याचे खाणे मी मागच्या अंगणात वेगळ्या भांड्यांत करते, त्या तिकडे फिरकतही नाहीत. त्यामुळे त्याच्यापासून त्या दूरच राहतील, असे मी धरून चालले होते. प्रत्यक्षात दुपारी त्या दिवाणाजवळ सतरंजी टाकून जप करत बसल्या, की जोंधळा त्यांच्या भोवती घिरट्या घाली, पदराचे टोक हुंगे आणि काही वेळाने मांडीशी अंगाचे वेटोळे करून झोपून जाई. एके दिवशी मी शाळेतून लवकर आले आणि त्याला उचलायला वाकले, तर त्याने लगेच तोंड उघडले. सासूबाई माळ न थांबवता म्हणाल्या, "अगं, ते भ्यायलंय. घारीवानी वरून हात न्यायलीस, मग ते काय करंल?"

विज्ञान शिकवणाऱ्या मला हे कोणी सांगण्याची गरज पडायला नको होती. फेरेटला लांबचे स्पष्ट दिसत नाही. जवळचे थोडे दिसते, आणि त्याचे जग मुख्यतः वासावर आणि आवाजावर चालते. जमिनीपासून चार बोटे उंचीच्या प्राण्यावर आकाशातून एखादी सावली झपकन उतरावी, तसा माझा हात त्याच्यावर उतरत होता. सासूबाईंचे हात मांडीवर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर, स्थिर असत. शिवाय त्या त्याला कधी उचलत नसत, तोच त्यांच्याकडे जाई.

दुसरी गोष्ट मी त्यानंतरच्या आठवड्यात ओळखली. फेरेट पूर्णपणे मांसाहारी प्राणी आहे. भाकरी, भात, दूध, फळे यांवर तो जगू शकत नाही, आणि त्याचे आतडे इतके आखूड असते की खाल्लेले तीन-चार तासांत बाहेर पडते. म्हणून त्याला दिवसातून अनेक वेळा थोडे थोडे खावे लागते. त्याच्यासाठी कोंबडीचे मांस मीच बारीक करत असे आणि हात नुसते पाण्याने धुऊन त्याच हातांनी त्याला घेत असे. वासावर जगणाऱ्या भुकेल्या प्राण्यासमोर मांसाचा वास येणारी बोटे नाचवल्यावर त्याने ती चाखून पाहिली, तर त्याला दोष कसा देणार? सासूबाईंच्या बोटांना तुळशीचा आणि बुक्क्याचा वास येई. मी साबणाने कोपरापर्यंत हात धुऊन, कोरडे करून, मगच त्याच्याजवळ जाऊ लागले आणि त्याची वाटी सकाळी आम्ही उठण्यापूर्वीच भरलेली राहील, अशी व्यवस्था केली. सकाळचे चावे आठवड्याभरात जवळजवळ थांबले.

त्याच सुमारास मी एक वही केली. त्यात तारीख, वेळ, कोणाला चावला, कुठे, आणि चावण्याच्या अगदी आधी काय चालले होते, एवढे पाच रकाने होते. माझी मुलगी सहावीत आहे; तिने ती वही माझ्यापेक्षा जास्त निष्ठेने भरली. सोळा-सतरा दिवसांनी वही उघडून बसलो, तेव्हा सगळे चावे एका जातीचे नाहीत, हे आम्हा दोघींच्या लक्षात आले. संध्याकाळी पायांच्या बोटांना होणारे चावे खेळाचे होते. ते घेण्यापूर्वी तो पाठीची कमान करून, तोंड उघडे ठेवून, आडव्या उड्या मारत येई आणि घशातून डुकडुक असा आवाज काढी. हा आवाज आणि ह्या उड्या म्हणजे फेरेटचा आनंद असतो. पाहणाऱ्याला मात्र तो अंगावर धावून येतो आहे किंवा त्याला फिट आली आहे, असे वाटते. उचलल्यानंतर काही क्षणांनी होणारे चावे वेगळे होते. ते मनगटावर होत, आणि तो चावताच आम्ही त्याला खाली सोडत होतो. कोपऱ्यातले, फिसकाऱ्याचे चावे तिसरे. ते आम्हीच जन्माला घातले होते.

या प्राण्याबद्दल मला कोणाला एकच गोष्ट सांगायची झाली, तर ती इथे आहे. चावा वरून एकसारखा दिसला, तरी त्याचे उपाय एकमेकांच्या उलट असू शकतात. खेळताना चावला, तर खेळ त्याच क्षणी थांबवायचा आणि त्याला खाली ठेवून आपण दूर व्हायचे, कारण त्याला खेळ हवा असतो आणि चावल्यामुळे तो जातो, हे त्याला कळायला हवे. पण उचलून घेतल्यावर सुटण्यासाठी चावला, तर त्याला लगेच खाली ठेवणे ही सर्वांत मोठी चूक आहे. त्याला सुटकाच हवी असते आणि चावल्याने ती मिळते, असा धडा आपणच देत असतो. अशा वेळी त्याला छातीशी सैलपणे पण पक्के धरून, मागच्या पायांखाली तळहाताचा आधार देऊन, तो अंग सैल सोडेपर्यंत थांबायचे, आणि तो शांत झाल्यावरच खाली ठेवायचे. सुरुवातीला तो पाच सेकंद शांत राहिला तरी पुरे मानायचे, पुढे दहा, मग वीस. भीतीने चावत असेल, तर या दोन्हींपैकी काहीच उपयोगाचे नाही. तिथे हात मागे घेऊन, जमिनीवर बसून, त्याने आपणहून येण्याची वाट पाहावी लागते. एकच औषध तिन्ही दुखण्यांना देत राहिल्यामुळे आमचे तीन आठवडे वाया गेले होते.

खेळातल्या चाव्यासाठी आम्ही जागा ठरवली, ती न्हाणी. न्हाणीत त्याच्या अंगाला लागेल असे काही नव्हते, बादल्या बाहेर काढून ठेवत असू, आणि पाणी जाण्याच्या भोकावर जाळी घट्ट बसवली होती, कारण जिथे फेरेटचे डोके जाते तिथे तो अख्खा जातो. चावला, की एकच शब्द, "नाही", शांत आवाजात; मग त्याला न्हाणीत ठेवून दार लावायचे आणि दोन-तीन मिनिटांनी उघडायचे. जास्त वेळ ठेवून काही साधत नाही, आपण कशासाठी बंद आहोत हे तो विसरतो. त्याच्या झोपण्याच्या पिंजऱ्यात मात्र शिक्षा म्हणून त्याला कधीच टाकले नाही. ते त्याचे घर आहे, तिथे त्याला सुरक्षित वाटायला हवे. पहिल्या दिवशी संध्याकाळच्या एका तासात त्याच्या न्हाणीत अकरा फेऱ्या झाल्या. मुलगी रडकुंडीला आली होती. पाचव्या दिवशी सात झाल्या, आणि तिसरा आठवडा संपता संपता एक किंवा दोन.

तो चावला की लहान मुलांनी बारीक आवाजात किंचाळावे, म्हणजे भावंड किंचाळल्यासारखे त्याला वाटेल, असेही काही जण सुचवतात. आमच्याकडे ते उलटले. मुलगी किंचाळली, की जोंधळ्याला अधिकच चेव येई, कारण बारीक किंचाळी ही सावजाचीही असते. म्हणून तिला आवाज न करता ताठ उभे राहायला शिकवले. दहा-अकरा वर्षांच्या मुलीसाठी ते सोपे नव्हते. तिने ते केले, याचे मला कौतुक आहे.

तिच्याहून अवघड काम यजमानांचे होते. त्यांना हाताचा पंजा करून जोंधळ्याला गुदगुल्या करायला, उलटे पाडायला आवडे, आणि त्यांच्या राकट हातांना दात फारसे लागत नसत. परंतु एकाच्या हाताला चावलेले चालते आणि दुसऱ्याच्या हाताला चालत नाही, हा भेद त्या प्राण्याने कसा ओळखावा? घरात हात हे खेळणे असणार नाही, असे ठरवल्यावर त्यांनी जुन्या पंचाला गाठी मारून दोरीला बांधले आणि ते दोरी फरशीवर सरपटवत खेळू लागले. जोंधळ्याने तो पंचा मनसोक्त चावावा, झटकावा, दिवाणाखाली ओढून न्यावा. रबराची खेळणी आम्ही पूर्ण बंद केली. फेरेटला रबर चावून गिळण्याची ओढ असते आणि गिळलेला तुकडा आतड्यात अडकून त्याचा जीव जाऊ शकतो. मुलीचे खोडरबर दिवाणाखाली त्याच्या साठ्यात सापडले, त्या दिवशी मी खरोखर हादरले होते. त्याच्या शास्त्रीय नावातला शेवटचा शब्द लॅटिनमधल्या चोर या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. मी तो शिकवताना नुसता सांगत असे, आता दिवाणाखाली मोजे, पेनाची टोपणे आणि खोडरबर पाहून तो पटला.

दात रुतवून धरून ठेवला, तर काय करावे, हे पशुवैद्यांनी मला हात धरून शिकवले. परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय असल्यामुळे जनावरांचे जाणकार आमच्या गावात आहेत, हे आमचे भाग्य. ज्या डॉक्टरांकडे मी गेले, त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले, की त्यांचा रोजचा संबंध गायी-म्हशींशी आणि कुत्र्यांशी येतो, आणि माझ्यासमोरच पुण्यातल्या एका सहकाऱ्याला फोन लावून सगळे विचारून घेतले. मग त्यांनी जोंधळ्याच्या मानेमागची सैल कातडी, मानगूट, पूर्ण मुठीत धरली आणि दुसरा तळहात त्याच्या कमरेखाली ठेवला. आई पिल्लांना अशीच उचलते. क्षणात त्याचे चारही पाय लोंबकळले, डोळे अर्धे मिटले, आणि त्याने भलीमोठी जांभई दिली. गुलाबी जीभ, वरच्या हिरड्यांची कड आणि ते चार सुळे मी पहिल्यांदाच इतक्या जवळून आणि न घाबरता पाहिले. जांभई देणाऱ्या तोंडात बोट अडकून राहत नाही, एवढे साधे ते तंत्र आहे. ते सोडवण्यासाठी वापरायचे. मानगुटीला धरून गदागदा हलवणे किंवा जमिनीवर दाबून ठेवणे म्हणजे पुन्हा भीतीच्या वाटेने जाणे होय, असे त्यांनी बजावले. चावलेला हात मागे ओढायचा नाही, हेही त्यांनीच सांगितले. मला ते त्या पहिल्या संध्याकाळी माहीत असायला हवे होते.

भीतीच्या चाव्यांना सर्वांत जास्त काळ लागला, आणि मला त्याची खंत आहे. रोज रात्री जेवणानंतर मी फरशीवर बसे, तळहात वर करून जमिनीवर ठेवी आणि त्यावर कच्च्या अंड्याच्या पिवळ्या बलकाचा एक थेंब असे. पहिल्या चार रात्री तो हातभर अंतरावर येऊन परत गेला. पाचव्या रात्री त्याने मान लांब करून, मागचे पाय पळण्याच्या तयारीत ठेवून, तो थेंब चाटला. त्याची जीभ खरखरीत आणि गरम होती. थेंब संपल्यावरही तो चाटत राहिला, मग त्याने अंगठ्याजवळच्या त्या दोन व्रणांवर नाक टेकवले आणि बराच वेळ हुंगले. माझा श्वास अडकला होता. हात हलू नये म्हणून मी दुसऱ्या हाताने पदर घट्ट धरून बसले होते. तो चावला नाही. त्यानंतर बलकाचा थेंब बोटांवर न ठेवता तळहाताच्या मध्यावरच ठेवायचा, हे आम्ही पाळले, म्हणजे बोट आणि घास यांची गफलत होऊ नये. अंडे रोज देऊ नये, म्हणून एक दिवसाआड कोंबडीच्या बिनमिठाच्या पाण्याचा थेंब देत असू.

फेब्रुवारीत तो सात महिन्यांचा झाला, माजावर आला, अंगाचा वास उग्र झाला आणि मानेवर झेप घेऊन धरण्याचा प्रकार सुरू झाला. हे शिकवून सुटणारे नव्हते. डॉक्टरांशी आणि पुण्यातल्या त्यांच्या सहकाऱ्याशी बोलून, पुढे होऊ शकणाऱ्या ग्रंथींच्या आजाराची कल्पना घेऊन, त्याचे खच्चीकरण करून घेतले. महिन्याभरात तो पूर्ववत झाला.

त्यानंतर एप्रिल आला. परभणीचा उन्हाळा काय असतो, ते इथल्या माणसाला सांगायला नको; पारा चाळिशी ओलांडून वर जातो, दुपारी रस्त्यावर माणूस दिसत नाही आणि रात्री भिंतीसुद्धा गरम श्वास सोडतात. फेरेट थंड मुलखातला आहे, त्याला घाम येत नाही, आणि तिशीच्या जवळचे तापमानही त्याला त्रास देऊ लागते. आम्ही कूलर त्याच्या खोलीत हलवला होता, तरीही महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात त्याने तीन दिवसांत मुलीला दोनदा आणि मला एकदा चावा घेतला. चार महिन्यांची मेहनत वाया गेली, असे वाटून मुलगी खूप रडली. मी वही पुन्हा काढली. तिन्ही चावे दुपारी तीन ते पाच या वेळेतले होते आणि त्या तिन्ही दिवशी दुपारी वीज गेली होती. फेरेट दिवसाचे चौदा-पंधरा तास, कधी त्याहूनही अधिक झोपतो. कूलर बंद पडला की जोंधळ्याची झोप मोडत होती आणि तापलेल्या, अर्धवट झोपलेल्या प्राण्याला आम्ही खेळायला उठवत होतो. त्याला शिकवायचे काहीच नव्हते, त्याला गारवा हवा होता. त्याची वाकळ आम्ही मधल्या, खिडकी नसलेल्या खोलीत शहाबादी फरशीवर हलवली. गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून दोन बाजूंना ठेवल्या, मधे त्याला सरकायला जागा सोडली, आणि वीज गेल्यावर दर अर्ध्या तासाने ओल्या पंचाने फरशी पुसण्याची पाळी लावली. सकाळी सहापूर्वी आणि रात्री नऊनंतरच खेळायचे, असे ठरले. चावे थांबले. आता तो अकारण चावला, असे वाटले की मी आधी त्याची भूक, झोप आणि उकाडा पाहते, आणि त्यांत काही सापडले नाही तर डॉक्टरांकडे नेते, कारण दुखणारा प्राणीही चावतोच.

एक बाब मात्र कितीही शिकवले तरी मी बदललेली नाही. काही महिन्यांचे बाळ घरी आले, की जोंधळा पिंजऱ्यात जातो आणि पिंजऱ्याला कडी लागते. फेरेटने तान्ह्या मुलांना गंभीर जखमा केल्याच्या घटना घडलेल्या आहेत. दुधाचा वास, बारीक हालचाली आणि किंचाळी, हे सगळे एकत्र आल्यावर तो काय करील, याची हमी मी देऊ शकत नाही. पाहुण्यांना वाईट वाटले तरी चालेल.

या दिवाळीत भाचा परत आला. दारातूनच त्याने "कुठे आहे तो?" म्हणत वाकून जोंधळ्याला वरून उचलले, आणि जोंधळ्याने त्याच्या मनगटावर दात टेकवले. रक्त आले नाही, पण कातडीवर चार ठसे उमटले. भाच्याचा चेहरा उतरला. वर्षभर तो व्हिडिओवर त्याला पाहत होता आणि हा आपल्याला ओळखतो, असे त्याला वाटत होते. मी त्याला आधी साबणाने हात धुवायला पाठवले आणि मग सासूबाईंच्या सतरंजीवर, त्यांच्या शेजारी, नुसते बसायला सांगितले. "काही करू नको बाळा, बस," एवढेच त्या म्हणाल्या. तो त्या दिवशी तासभर बसला, दुसऱ्या दिवशीही बसला. जोंधळा त्याच्या पावलांना वळसा घालून पदराकडे जात राहिला. तिसऱ्या दिवशी, भाऊबीजेच्या दुपारी, तळहातावरचा बलकाचा थेंब चाटून झाल्यावर जोंधळ्याने भाच्याच्या सैल कुर्त्याच्या बाहीत नाक घातले, मग डोके, आणि हळूहळू सबंध अंग आत ओढून घेतले. बाहीतून नुसते शेपटीचे टोक बाहेर राहिले होते. भाचा हात न हलवता तसाच बसून राहिला, आणि त्याला ओवाळायचे ताट घेऊन माझी मुलगी त्याच्यासमोर खाली फरशीवर बसली.